लिफ्ट आणि चढाई, दोन्हींसाठी एकच बाइंडिंग

प्रश्न : नोकरीनिमित्त मी म्युनिकमध्ये राहतो. स्कीइंग गुलमर्गला शिकलो. आता हिवाळ्यातील बहुतेक सुट्ट्या ऑस्ट्रियातल्या टिरोलमधील लिफ्टच्या उतारांवर जातात, पण यंदा मित्रांबरोबर स्की टूरिंगही (स्कीवरच डोंगर चढून मग उतरणे) सुरू करायचे आहे. वय ३४, वजन ६२ किलो, कौशल्य मध्यम. दोन वेगळे संच परवडत नाहीत. दुकानदार ‘शिफ्ट १३’ नावाचे बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडताना सोडणारा भाग) सुचवतो, मित्र म्हणतात हलके पिन बाइंडिंग घे. काय करावे?

उत्तर : मित्रांचा सल्ला चढणाऱ्याच्या दृष्टीने बरोबर आहे, पण तुमचे बहुतेक दिवस उतरण्याचे आहेत. म्हणून वजनाआधी पडताना बूट कसा सुटतो हे पाहावे. हलक्या पिन बाइंडिंगमध्ये बुटाचे टोक दोन पोलादी पिनांमध्ये धरलेले असते, बाजूला सुटण्याचे काम बहुधा टाचेकडे असते आणि धक्का शोषून बूट पुन्हा जागेवर आणण्याइतकी लवचिकता त्यात फार थोडी असते. ताज्या भुसभुशीत बर्फात हे खपून जाते. टणक, खडबडीत पिस्टवर (लिफ्टच्या तयार केलेल्या उतारावर) वेगात उतरताना मात्र ते नको तेव्हा उघडू शकते, आणि ते टाळण्यासाठी पुढचा भाग लॉक करून उतरणारे आपला गुडघा पणाला लावतात.

सॅलोमन कंपनीने २०१८ साली आणलेल्या शिफ्टमध्ये पिना फक्त चढताना वापरल्या जातात. वर पोहोचल्यावर टो-पीसची, म्हणजे बुटाचे टोक धरणाऱ्या भागाची, रचना बदलली, की ते लिफ्टच्या उतारांवरच्या नेहमीच्या, म्हणजे अल्पाइन, बाइंडिंगसारखे काम करते. याची किंमत वजनात मोजावी लागते : एका पायाला सुमारे ८८५ ग्रॅम. शिवाय टाचेखालचा आधार एकाच उंचीचा असल्याने फार तीव्र चढावर पोटऱ्या बोलू लागतात. फ्रित्शी कंपनीचे टेक्टन ब्रेक वगळून सुमारे ५५० ग्रॅमचे आहे. त्याची टाच अल्पाइन पद्धतीची आणि टो-पीस बाजूला सुटणारे, पण उतरतानाही बुटाचे टोक पिनांवरच असते. मार्करच्या ड्यूक पीटीमध्ये चढताना टो-पीसचा वरचा भाग काढून पाठपिशवीत टाकायचा असतो. दांडग्या, वेगवान उतरणाऱ्यांसाठी ते उत्तम, पण तुमच्या गरजेपेक्षा जड आहे. तुमच्यासाठी माझी पसंती शिफ्टलाच आहे. टूरिंगचे दिवस निम्म्याहून अधिक झाले असते, तर मी टेक्टन सुचवले असते.

मात्र १३ नको, १० घ्या. मूळ शिफ्ट १३ ची डिन (बूट किती जोराला सुटावा हे ठरवणारा आकडा) मर्यादा ६ ते १३, तर १० ची ४ ते १० आहे. तुमचे वजन आणि कौशल्य पाहता तुमचा आकडा पाच-सहाच्या आसपास यावा, म्हणजे १३ वर तो अगदी तळाशी किंवा मर्यादेच्याही खाली जाईल. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, हा समज दुकानांना सोयीचा असतो, इतकेच.

या सगळ्याआधी बूट पाहा. केवळ रिसॉर्टसाठी बनवलेल्या बुटांना पिनांसाठीच्या पोलादी खाचा बहुधा नसतात, आणि त्या नसतील तर यांपैकी कोणत्याही बाइंडिंगवर चढता येणार नाही. उलट, शर्यतीच्या अतिहलक्या टूरिंग बुटांपैकी काहींना पुढची कड नसते. ते शिफ्टच्या अल्पाइन टो-पीसमध्ये बसत नाहीत. ग्रिपवॉक सोल (चालायला सोपा, किंचित वाकलेला रबरी तळ), चालण्याची सोय आणि पिनांच्या खाचा, हे तिन्ही असलेला बूट तुमच्या कामाचा. नवे बूट घ्यावे लागणार असतील, तर बाइंडिंगचा खर्च त्यानंतर ठरवा.

शिफ्टमध्ये बुटाच्या पुढच्या भागाखालील सरकपट्टीची उंची सोलनुसार लावावी लागते, आणि ती चुकली तर बाइंडिंग अवेळी सुटू शकते. त्यामुळे बाइंडिंग बसवण्यासाठी स्कीला भोके पाडून घेताना स्वतःचे बूट दुकानात न्या, सोल बदलल्यास ही उंची पुन्हा लावून घ्या आणि सुटण्याची चाचणी त्याच बुटांसह यंत्रावर करून मोजलेल्या आकड्यांची चिठ्ठी मागा. डोंगरावर टो-पीस बदलण्यापूर्वी त्यात अडकलेला बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढा. तो राहिला तर खटका लागल्यासारखा वाटतो, पण टो-पीस पूर्ण बसलेले नसते.