‘द क्विक अँड द डेड’मधला ‘क्विक’ : चपळ की जिवंत?

प्रश्न असा आला आहे. सॅम रेमी यांनी दिग्दर्शित केलेल्या, १९९५ साली प्रदर्शित झालेल्या ‘द क्विक अँड द डेड’ या पिस्तुलाच्या द्वंद्वांवरील वेस्टर्न चित्रपटावरून काही रसिकांत वाद रंगला. एका पक्षाच्या मते हा अत्यंत देखणा आणि उगाच कमी लेखला गेलेला चित्रपट आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते ती नुसती कॅमेऱ्याची कसरत आहे आणि चित्रपटात जे काही आहे ते नावातच सांगून झाले आहे: ज्याचा हात चपळ तो तरला, बाकीचे मेले. त्यावर एकाने ‘येथे क्विक म्हणजे चपळ नव्हे, जिवंत’ अशी हरकत घेतली. यातले खरे कोणते, मराठीत हे नाव कसे लिहावे आणि वादात आलेल्या ‘अंडररेटेड’, ‘स्टायलिश’ अशा शब्दांना मराठीत काय म्हणावे, असे विचारण्यात आले आहे.

हरकत घेणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्ध्यावर थांबले आहे. या नावात दोन्ही अर्थ मुद्दाम एकत्र नांदवलेले आहेत, आणि त्यांपैकी जुना अर्थ कानावर पडला नाही की चित्रपटातली निम्मी गोष्ट हातातून निसटते. त्याला कमी लेखणाऱ्यांचे नेमके हेच झाले आहे, असे माझे मत आहे.

आधी शब्दाचे मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत ‘क्विक’ या शब्दाचा अर्थ ‘जिवंत’ एवढाच होता. ‘चपळ’ हा अर्थ नंतर आला. मराठी वाचकाला आनंद व्हावा अशी गोष्ट ही की हा शब्द आपल्या ‘जीव’ या शब्दाचा सख्खा नातलग आहे. संस्कृत ‘जीव’, लॅटिन ‘वीवुस’, ग्रीक ‘बिओस’ आणि इंग्रजी ‘क्विक’ हे सारे एकाच प्राचीन धातूपासून निघाले. मुळात ओठ गोल करून उच्चारला जाणारा एक ‘ग’ होता. इंग्रजीच्या घराण्यात त्याचा ‘क’ किंवा ‘क्व’ झाला, तर संस्कृतात पुढे ‘इ’सारखा स्वर आला की त्याचा ‘ज’ झाला. संस्कृत ‘गम्’ आणि इंग्रजी ‘कम’, संस्कृत ‘गो’ आणि इंग्रजी ‘काऊ’, संस्कृत ‘जनि’ म्हणजे स्त्री आणि इंग्रजी ‘क्वीन’, या जोड्या शेजारी मांडल्या की हा बदल नियमाने झाला आहे हे दिसते. तेव्हा ‘क्विक’चा मराठी अर्थ ‘जिवंत’ असा करताना आपण परका शब्द देत नसून त्याच कुळातला शब्द देत असतो.

जुना अर्थ आजच्या इंग्रजीत सुटा फारसा वापरला जात नाही, पण जोडशब्दांत तो टिकून आहे. पाऱ्याचे ‘क्विकसिल्व्हर’ हे नाव म्हणजे जिवंत चांदी, आणि लॅटिनमध्येही पाऱ्याला तसेच नाव होते. आपण ज्याला कळीचा चुना म्हणतो तो त्यांच्याकडे ‘क्विकलाइम’, म्हणजे अजून न विझलेला, पाणी पडताच उसळणारा चुना. नखाखालच्या कोवळ्या मांसाला इंग्रजीत ‘क्विक’ म्हणतात आणि एखादा शब्द तिथवर कापत गेला असे ते म्हणतात, तेव्हा आपण तो ‘जिव्हारी लागला’ असे म्हणतो. दोन्ही भाषांनी दुखावण्याची जागा जिवाशी नेऊन जोडली आहे.

जिवंत या अर्थावरून चपळ हा अर्थ कसा आला, हे समजणे अवघड नाही. जे जिवंत असते ते हलते, आणि जे जास्त हलते ते चपळ. मराठीतही ‘जिवंत’ शब्दाने श्वासापलीकडचे बरेच अर्थ घेतले आहेत: सतत वाहणारा तो जिवंत झरा, न उडालेले ते जिवंत काडतूस. ‘गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसे जप्त’ ही बातमी वाचताना त्या विशेषणात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही. मात्र आपला शब्द ‘कार्यक्षम, अजून काम करू शकणारा’ या दिशेने गेला, वेगाच्या दिशेने गेला नाही. म्हणून ‘जिवंत हात’ म्हटल्यास मराठीत चपळ हात असा बोध होत नाही, आणि भाषांतराची अडचण येथेच सुरू होते.

आता नावातल्या जोडीविषयी. ‘क्विक’ आणि ‘डेड’ हे जोडशब्द इंग्रजी बायबलातून आणि ख्रिस्ती विश्वासाच्या अंगीकारातून, म्हणजे चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीतून, आले आहेत. येशू ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, असे ते वचन आहे; १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात ‘जिवंत’ या जागी ‘क्विक’ आहे. इंग्रजीच्या नव्या भाषांतरांनी तेथे ‘जिवंत’ या अर्थाचा आजचा साधा शब्द घातला आहे, तर मराठी बायबलात ‘जिवंत’ आणि ‘मेलेले’ हेच सरळ शब्द आहेत. त्यामुळे चर्चमध्ये मराठीतून हा अंगीकार म्हणत वाढलेल्या माणसाला मूळ वचन पाठ असते आणि तरीही चित्रपटाचे नाव त्यातून आले आहे हे ओळखू येत नाही, असे सहज घडू शकते.

शब्दाच्या दोन अर्थांवर खेळण्याची कल्पनाही चित्रपटाची नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पाचव्या अंकात कबर खणणारा आणि राजपुत्र यांच्यात शब्दांची चकमक होते. कबर मेलेल्यांसाठी असते, ‘क्विक’ माणसांसाठी नसते, असे राजपुत्र म्हणतो. त्यावर कबर खणणारा तोच शब्द उलटवून, हा खोटेपणा मोठा ‘क्विक’ आहे, माझ्याकडून निघून तुमच्याकडे परत येईल, अशा अर्थाचे उत्तर देतो. जिवंत आणि चपळ हे दोन अर्थ तेथे कबरीच्या काठावर एकाच शब्दात उभे केले आहेत. पिस्तुलाच्या द्वंद्वांवरील चित्रपटाला हे नाव सुचणे त्यामुळे स्वाभाविक होते. लुई लामूर यांच्या १९७३ सालच्या एका कादंबरीलाही हेच नाव आहे, पण तिचा या चित्रपटाशी संबंध नाही. लेखक सायमन मूर यांची ही पटकथा स्वतंत्र आहे.

यापुढे कथेचा शेवट उघड होईल, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा.

गावाचे नाव रिडेम्प्शन, म्हणजे उद्धार. गावावर सत्ता गाजवणाऱ्या जुलमी माणसाचे नाव हेरोद, आणि ही भूमिका जीन हॅकमन यांनी थंड रुबाबात केली आहे. मराठी बायबल वाचणाऱ्याला हेरोद राजा बेथलेहेमच्या बालकांच्या हत्येसाठी ठाऊक असतो. इतिहासातल्या त्या राजाने स्वतःच्या मुलांनाही मृत्युदंड दिला होता. चित्रपटातला हेरोद स्वतःच्या मुलाला, म्हणजे लिओनार्डो डिकॅप्रिओ यांनी रंगवलेल्या पोराला, द्वंद्वात मारतो. रसेल क्रो यांचा कॉर्ट हा दरोडेखोरी सोडून धर्मोपदेशक झालेला माणूस आहे. एवढी नावे आणि माणसे एकत्र आणल्यावर शीर्षक वचनातून आले आहे याबद्दल शंका राहू नये. या गावात न्यायनिवाडा व्हायचा आहे, आणि तो करायला शॅरन स्टोन यांची एलन येते. तिचे वडील येथले मार्शल, म्हणजे कायदा राखणारे अधिकारी, होते आणि त्यांचा जीव हेरोदच्या क्रौर्यापायी गेला होता.

‘चपळ तो वाचतो’ हा अर्थ खुद्द कथाच खोडून काढते, आणि हे त्या वादातल्या दुसऱ्या पक्षाने लक्षात घेतलेले दिसत नाही. हेरोदचा पोरगा चपळ आहे, त्याला आपल्या चपळाईचा माज आहे, आणि तो मरतो. उलट कॉर्टचा हात अतिशय वेगवान असूनही त्याला तो वापरायचाच नसतो. हेरोदने भरवलेल्या द्वंद्वांच्या स्पर्धेत त्याला बळेच उभे केले जाते आणि पळून जाऊ नये म्हणून प्रत्येक द्वंद्वाला एकच काडतूस दिले जाते. त्या एकाच काडतुसामुळे एक विलक्षण प्रसंग घडतो. आपल्याला गोळी मारू शकत नाही असे सांगणारा स्पॉटेड हॉर्स हा त्याचा प्रतिस्पर्धी गोळी लागून कोसळतो, सारे त्याला मेलेला समजतात आणि तो पुन्हा उठतो. पुढे कॉर्टसमोरच्या द्वंद्वात एलन मेल्याचे नाटक करते, गाव तिला मेलेली धरून चालते, आणि घड्याळाचा मनोरा उडाल्यावर धुळीतून ती चालत येते. या चित्रपटात मेलेले जिवंत होतात आणि चपळ मरतात. नावातल्या दोन शब्दांमधली भिंत पटकथेने जागोजाग पाडली आहे.

आणि मग हेरोदचा शेवट. एलनची गोळी लागते, तो उभाच असतो, आणि जमिनीवरच्या आपल्या सावलीकडे पाहतो. सावलीच्या छातीच्या जागी उन्हाचा एक छोटा ठिपका असतो. गोळी आरपार गेली आहे आणि तिने केलेल्या भोकातून ऊन जमिनीवर पडले आहे. आपण मेलो आहोत हे त्या माणसाला आपल्या सावलीवरून कळते. ही करामत आहे हे मला मान्य आहे, आणि अशीच एक करामत आधीही आहे: द्वंद्वात गोळी लागलेल्या कॅन्ट्रेल नावाच्या स्पर्धकाच्या डोक्यातल्या भोकातून कॅमेरा पलीकडे पाहतो. पण सावलीच्या त्या दृश्याला मी नुसती कसरत म्हणणार नाही. त्या काही क्षणांत एकच माणूस ‘क्विक’ही आहे आणि ‘डेड’ही आहे, श्वास चालू आहे आणि निवाडा होऊन गेला आहे. शीर्षकाचे चित्र काढा असे कुणी सांगितले असते तर याहून नेमके काही काढता आले असते असे मला वाटत नाही. छायालेखक दान्ते स्पिनोत्ती यांचे ते कडक, पांढरट ऊन येथे सजावट म्हणून उरत नाही.

म्हणून ‘अंडररेटेड’ या विशेषणासाठी वादात जे मराठी शब्द सुचवले गेले त्यांत मी ‘कमी लेखलेला’ हाच पसंत करीन. ‘दुर्लक्षित’ म्हणजे ज्याकडे कुणी पाहिलेच नाही. या चित्रपटाकडे लोकांनी पाहिले. मोठे कलाकार होते, चर्चाही झाली. अमेरिकेतील चित्रपटगृहांत त्याने सुमारे १ कोटी ८६ लाख डॉलर मिळवले, आणि खर्च ३ कोटी डॉलरहून अधिक असल्यामुळे तो व्यवसायात पडला, एवढेच. ‘उपेक्षित’ या शब्दात अन्यायाचा आणि करुणेचा जो सूर आहे तो येथे जास्त होतो. लोकांनी पाहिले, पण त्याचे मोल कमी धरले. ‘कमी लेखणे’ या क्रियापदात हेच अचूक आहे. ‘स्टायलिश’साठी ‘शैलीदार’ चालेल, मात्र या चित्रपटाच्या बाबतीत ‘ढंगदार’ मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात चालण्या-बोलण्याची ऐट येते. पिस्तूल चालवून पोट भरणाऱ्या या माणसांना ‘नेमबाज’ म्हणू नये, तो शब्द आता ऑलिम्पिकच्या खेळाडूंचा झाला आहे. ‘बंदूकधारी’ बातम्यांतल्या हल्लेखोराला चिकटला आहे. ‘पट्टेबाज’च्या चालीवर ‘पिस्तूलबाज’ म्हटले तर अर्थही कळतो आणि कसबाचा भावही राहतो. तो पिस्तूल ‘काढत’ नाही, ‘उपसतो’, कारण उपसण्यात तलवारीपासून चालत आलेला वेग आहे.

आता नावाच्या भाषांतराकडे येऊ. ‘चपळ आणि मृत’ हे तर टाकाऊच आहे. एक शब्द घोड्याच्या वर्णनातला वाटतो आणि दुसरा पंचनाम्यातला. ‘जिवंत आणि मृत’ हे अर्थाला बरोबर आहे, पण त्यात द्वंद्व नाही. ‘जिवंत व मेलेले’ या शब्दांत बायबलचा स्वर येतो, पण खेळ जातो. मला सुचणारे नाव ‘जिते आणि मेले’ असे आहे. ‘जिता’ म्हणजे जिवंत हा शब्द आपल्या तोंडी आहे. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ या म्हणीत नेमकी हीच जोडी येते, आणि पिस्तुलाची खोड सोडू पाहणाऱ्या कॉर्टला ती म्हण अगदी लागू पडते. शिवाय ‘जिते’ उच्चारताना ‘हारजीत’मधली ‘जीत’ ऐकू येते. व्युत्पत्तीने हे दोन शब्द वेगळे आहेत: ‘जिता’ जगण्याच्या ‘जीव्’ धातूकडचा, ‘जीत’ जिंकण्याच्या ‘जि’ धातूकडची. संस्कृतज्ञ अशीही हरकत घेऊ शकतील की संस्कृतात ‘जित’ म्हणजे जिंकला गेलेला, हरलेला. ती हरकत शास्त्राला धरून आहे, पण मराठी कानाला ‘जीत’ म्हणजे विजयच वाटतो, आणि नाव कानासाठी असते. इंग्रजीने जगण्याला वेग जोडला, आपण त्याला जिंकणे जोडू. द्वंद्वात जो जिंकतो तो जगतो, म्हणून हा श्लेष कथेबाहेरचा ठरत नाही. वेगाचा अर्थ मात्र यात सुटतो, हे मान्य करावे लागते.

लेखात किंवा परीक्षणात वापरताना मूळ नाव ‘द क्विक अँड द डेड’ असे देवनागरीत, अवतरणचिन्हांत ठेवावे, कारण चित्रपट शोधणाऱ्याला तेच नाव लागेल. पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात ‘क्विक म्हणजे जिवंत’ हा खुलासा करावा आणि पुढे भाषांतराच्या ओघात ‘जिते’ आणि ‘मेले’ हे शब्द मोकळेपणाने वापरावेत. ‘जिते’ या शब्दाचा ‘जि’ ऱ्हस्वच लिहावा. दीर्घ लिहिल्यास दोन धातूंचा घोटाळा होईल आणि श्लेष समजण्याऐवजी लेखनाची चूक वाटेल.