उबुंटूवर बांधलेली बायनरी सेंटओएसवर चालावी आणि वेगही टिकावा, यासाठी काय करावे?

उबुंटू २२.०४ या लिनक्सवर बांधलेला (कंपाइल केलेला) आपला सी++ प्रोग्राम सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३४ सापडत नाही म्हणून अडतो, आणि मसल ही पर्यायी सी लायब्ररी वापरून स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी बायनरीतच सामावून, बांधला की मंदावतो, अशी आपली दुहेरी अडचण आहे. पहिल्या अडचणीत आपल्या कोडचा दोष नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ मध्ये प्रोग्रामचे मेन फंक्शन सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवा आवृत्तीक्रमांक मिळाला, त्यामुळे तिथून पुढच्या जीलिबसीवर बांधलेला दोन ओळींचा प्रोग्रामही सेंटओएस ७ मधल्या २.१७ वर सुरू होत नाही.

जीलिबसीच स्टॅटिक जोडावी, असे वाटणे साहजिक आहे. पण होस्टच्या नावावरून त्याचा नेटवर्क पत्ता शोधणारे गेटॲड्रइन्फो हे फंक्शन चालताना पुन्हा त्याच आवृत्तीच्या शेअर्ड (बायनरीबाहेरच्या) लायब्ररी मागते. लिंकर तशी वॉर्निंग देतो, आणि ती न वाचता पुढे जाण्याची सवय मलाही होती. निव्वळ आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रामला मात्र हा मार्ग पुरतो.

मसलच्या मंदपणाचे मूळ बहुतेक वेळा तिच्या मॅलॉकमध्ये (मेमरी वाटून देणाऱ्या फंक्शनमध्ये) असते, कारण अनेक थ्रेड एकदम मेमरी मागू लागले की ते एकाच सामाईक लॉकपाशी खोळंबतात. लॉग फायली चाळणारा माझा एक प्रोग्राम आठ थ्रेड दिल्यावर एका थ्रेडपेक्षाही रेंगाळू लागला, तेव्हा पर्फ या वेळ मोजणाऱ्या साधनाच्या यादीत वरच्या ओळी फ्युटेक्सच्या, म्हणजे लॉकसाठी थांबण्याच्या, होत्या. लिंक करताना मिमॅलॉक या पर्यायी मॅलॉकची ऑब्जेक्ट फाइल सर्वांत आधी दिली, कोडमध्ये एक अक्षरही बदलले नाही, आणि आठ थ्रेडचा खरा उपयोग दिसू लागला. मेमरीतला मजकूर कॉपी करणाऱ्या मेमकॉपी फंक्शनचा फरक मात्र उरतो: जीलिबसी प्रोसेसर पाहून त्याला साजेशी मेमकॉपी चालतानाच निवडते, मसल तशी निवड करत नाही. शिवाय मसलमध्ये थ्रेडचा स्टॅक मुळात १२८ किलोबाइटचाच असतो, तेव्हा खोल रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणे) असल्यास त्याचा आकार स्वतः ठरवून द्यावा.

वेगासाठी कंपायलरला मार्च-नेटिव्ह (बांधणाऱ्या यंत्राच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) हा पर्याय देऊ नये. जुन्या प्रोसेसरवर बायनरी 'इलीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत बंद पडते.

बायनरी पूर्ण स्टॅटिकच हवी असा आग्रह नसेल, तर मी झिग या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणारा सी++ कंपायलर वापरीन. टार्गेटमध्ये जीलिबसी २.१७ लिहिले की सेंटओएस ७ वर चालणारी डायनॅमिक (लायब्ररी चालताना जोडून घेणारी) बायनरी उबुंटूवरच तयार होते, आणि मॅलॉक व मेमकॉपी जीलिबसीचीच राहतात.