फेनेस्ट्रेशन म्हणजे नुसत्या खिडक्याच का?

तुम्ही विचारलंय की बेळगावात घर बांधताना आर्किटेक्ट ‘फेनेस्ट्रेशन बदलू नका’ म्हणतात, गवंडी म्हणतो खिडकी कुठेही बसवू, आणि नेटवर शोधलं तर कानाचं ऑपरेशन निघतं.

ऑपरेशनही खरंच आहे. लॅटिनमध्ये फेनेस्ट्रा म्हणजे खिडकी, म्हणून शस्त्रक्रियेत मुद्दाम पाडलेल्या छिद्राला हेच नाव. मॉन्स्टेराच्या पानातल्या भोकांनाही. इमारतीत मात्र खिडक्या, व्हेंटिलेटर, काचेची दारं, स्कायलाइट कुठे, केवढे, किती उंचीवर, ही सगळी मांडणी त्यात येते. तुमच्या नकाशात डब्ल्यू-१, डब्ल्यू-२, व्ही अशी मापांची यादी असेल, ती बघा.

मी साइटवर काम करतो, आणि आपल्याकडे खरी अडचण पश्चिमेची. मे महिन्यात वारा तिकडून हवासा वाटतो, आणि जुलैत पाऊसही तिकडूनच झोडपतो. खानापूरकडे तर विचारूच नका. शिवाय दुपारनंतरचं तिरपं ऊन छज्जाखालून थेट आत येतं, छज्जा कितीही वाढवला तरी. म्हणून पश्चिमेला खिडकी लहान आणि समोरच्या भिंतीत हवा जायला दुसरी वाट, असं मी सुचवतो. समोर वाट नसेल तर मोठी खिडकीही वारा देत नाही. छज्जाच्या खालच्या कडेला खाच ठेवायला सांगा, नाहीतर पाणी ओघळून चौकटीत मुरतं.

मापाचं म्हणाल तर नॅशनल बिल्डिंग कोडात हवा येण्याच्या उघड्या जागेचं खोलीच्या क्षेत्रफळाशी प्रमाण दिलंय: दमट उष्ण हवेत १/६, मध्यम हवेत १/८. १० बाय १२ ची खोली १२० चौरस फूट, म्हणजे उघडी जागा १५ ते २० चौरस फूट. इथेच लोक फसतात. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. ४ बाय ४ ची लावलीत तर उजेड १६ फुटांचा, हवा ८ फुटांची. दिसायला देखणी, पण बेडरूमला मी तरी बाहेर उघडणारे पल्लेच घेईन.

बदल करायचाच असेल तर लिंटल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी, ओतण्याआधी आर्किटेक्टला विचारून करा. नंतर खिडकी फूटभर सरकवायची म्हटली तरी भिंत फोडावी लागते.