‘आम्ही कुठल्याच पंथाचे नाही’ म्हणणाऱ्यांना काय विचारायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की विश्रामबागेत तुमच्या बिल्डिंगमध्ये दर रविवारी दुपारी दोघं जण येतात, पत्रिका देतात, बोलायला गोड आहेत. पण ‘तुमचं चर्च कोणतं?’ म्हटलं की ‘आम्ही पंथ मानत नाही, फक्त बायबल मानतो’ एवढंच सांगतात. भांडायचं नाही, पण ही माणसं नक्की काय मानतात ते समजायला हवं, असं तुमचं म्हणणं. मी मिरजेचा, घरात ख्रिस्ती धर्म आजोबांपासूनचा. तरी माझ्याही दारात असेच दोघं आले आणि मलाच ‘प्रभूकडे या’ म्हणाले. भिंतीवरचा क्रूस बघूनसुद्धा!

आधी एक सांगतो. ‘फक्त बायबल मानतो’ हे उत्तर खोटं नसतं, पण त्यानं काहीच कळत नाही, कारण सगळेच तसं म्हणतात. मुळात बायबल म्हणजे किती पुस्तकं? आमच्या प्रोटेस्टंट बायबलात 66, कॅथलिकांच्या 73. म्हणून ‘तुम्ही काय मानता?’ असं विचारूच नका. पाठ केलेलं उत्तर येतं. ‘तुम्ही कुणाला आपलं मानता?’ हे विचारा, तेही बाप्तिस्मा (पाण्यानं ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी) आणि प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या जेवणावरून चर्चमध्ये भाकर-द्राक्षारस घेण्याचा विधी) या दोन गोष्टी धरून.

म्हणजे असं: ‘माझ्या मिरजेच्या मैत्रिणीचा तान्हेपणी देवळात बाप्तिस्मा झालाय, कपाळावर पाणी शिंपडून. उद्या ती तुमच्याकडे आली तर तो चालेल का, की पुन्हा घ्यावा लागेल?’ (आम्ही जुने लोक चर्चला देऊळच म्हणतो, दचकू नका.) मला भेटलेल्या पोरानं पटकन सांगितलं, ‘काका, तो बाप्तिस्मा नव्हेच. समज आल्यावर, पूर्ण बुडवून घ्यायचा असतो.’ झालं, एवढ्यावरून कळलं की तो बॅप्टिस्ट, ब्रदरन किंवा पेंटेकॉस्टल या प्रोटेस्टंट पंथांच्या वळणाचा. मग पुढचा प्रश्न: ‘कुणाच्या नावानं?’ बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात, शेवटच्या अध्यायात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं सांगितलाय; ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, येशू ख्रिस्ताच्या नावानं. बहुतेक मंडळ्या, म्हणजे चर्चेस, पहिलं वाक्य म्हणतात. ‘फक्त येशूच्या नावानं, नाहीतर बाप्तिस्मा झालाच नाही’ असं उत्तर आलं, तर ती बहुधा त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) न मानणारी पेंटेकॉस्टल शाखा. एका बाप्तिस्म्यावर इतकं कळतं.

आपल्याच भागात बघा. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत हॉस्पिटल काढलं, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे. वर साताऱ्या-वाईकडे अमेरिकन मराठी मिशन, ते काँग्रिगेशनल. प्रेस्बिटेरियनांत वडिलांच्या, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठांच्या, सभा कारभार बघतात, काँग्रिगेशनलांत प्रत्येक मंडळी आपापली मालक. बाळांना बाप्तिस्मा दोघांकडेही. 1970 साली नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि फक्त मोठ्यांना देणारेही. दोन्ही रीती चालतील असं ठरवावं लागलं. रेव्हरंड टिळकांची (कवी ना. वा. टिळक) तर आणखी वेगळी तऱ्हा. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. तुमच्या पाहुण्यांना हे सांगून बघा, चेहऱ्यावरून बरंच समजेल.

प्रभुभोजनाचा प्रश्न त्याहून नाजूक. ‘कॅथलिकांबरोबर एका मेजावर बसाल का?’ कॅथलिक चर्च आमचा बाप्तिस्मा सहसा मान्य करतं, पुन्हा देत नाही. पण मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, आम्हाला भाकर देत नाही. भाकर खरंच ख्रिस्ताचं शरीर होते की ती आठवण आहे, हा वाद खुद्द प्रोटेस्टंटांतही मिटला नाही. 1529 साली जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक बसले, पंधरातल्या चौदा मुद्द्यांवर जमलं आणि या एकावर फिसकटलं.

काही जण मात्र आपलं नाव लपवत नाहीत. हातात ‘टेहळणी बुरूज’ मासिक असलं तर ते यहोवाचे साक्षीदार. त्रैक्य मानत नाहीत, येशूला देवानं निर्माण केलेला पुत्र समजतात आणि रक्त घेत नाहीत. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात रक्ताचा प्रश्न पुस्तकी राहत नाही, म्हणून तो मी सरळ विचारतो. तेही सरळ उत्तर देतात. उपासना शनिवारी असली तर बहुधा सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट.

आता माझी एक चूक. त्या पोराला मी कोपऱ्यात घेतलं होतं. इफिसकरांच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासानं, कर्मानं नाही. याकोबाच्या पत्रात, त्याही दुसऱ्याच अध्यायात, माणूस केवळ विश्वासानं नीतिमान ठरत नाही. ‘यातलं कुठलं खरं?’ म्हणून मी बोट ठेवूनच बसलो. याची उत्तरं चारशे-पाचशे वर्षं दिली जातायत, ती मलाही ठाऊक होती. पोरगं गप्प झालं. कपातल्या चहावर साय धरली तरी त्यानं हात लावला नाही. ते गेल्यावर बायको म्हणाली, ‘जिंकलात? आता कप विसळा.’

पुढच्या रविवारी तो एकटाच आला. बायबलात बसच्या तिकिटाची खूण घातलेली. म्हणाला, आमच्या पास्टरांना विचारलं. याकोब म्हणतो ती कर्मं म्हणजे विश्वासाचं फळ, तारणाची किंमत नव्हे. प्रोटेस्टंटांचं हे जुनंच उत्तर, पण त्यानं आठवडाभर डोकं लावून आणलेलं. मग मी विचारलं, ‘आणि तुझे पास्टर कुणाचं ऐकतात? त्यांच्या वर कोण?’ त्यावर तो मोकळा बोलला: वर कुणी नाही, पास्टरांनीच सहा वर्षांपूर्वी भाड्याच्या हॉलमध्ये सुरू केलंय, ते सांगतील तो अर्थ. पत्रिकेच्या मागं चर्चचं नाव का नव्हतं, फक्त मोबाईल नंबराचा शिक्का का होता, तेही तेव्हाच समजलं.

तुम्हीही एका भेटीत एकच प्रश्न विचारा, आणि ‘विचारून सांगतो’ म्हणाले तर वेळ द्या. नकोसं झालं तर ‘आता येऊ नका’ असं स्पष्ट सांगा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. माझ्याकडचा पोरगा अजून येतो. माझा बाप्तिस्मा त्याला अजून मान्य नाही, पण चहा आता गरम असतानाच पितो.