आमच्या कॉलेजात एनएमआरचं, म्हणजे चुंबकाच्या मदतीने रेणूची रचना तपासायचं, यंत्रच नाही, मग विद्यापीठाच्या एनएमआर कार्यशाळेला जाऊन काय फायदा?

तुम्ही लिहिलंय की दारव्ह्याकडे एम.एस्सी. रसायनशास्त्र करताय आणि घरचे म्हणतात, जे यंत्र पुन्हा दिसणार नाही त्यासाठी पैसे कशाला घालवायचे. मीही यवतमाळ जिल्ह्यातलाच, सध्या एका विद्यापीठाच्या एनएमआर प्रयोगशाळेत काम करतो. भाऊ, जाच तुम्ही.

यंत्र नसलं तरी काम अडत नाही. चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, लखनौची सीडीआरआय ही औषध संशोधन संस्था, पवईची आयआयटी इथल्या ‘सैफ’ या सामायिक यंत्रसुविधा केंद्रांत शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. घरी शिखरांचा आलेख येतो; एकेक शिखर म्हणजे रेणूतल्या एकेका प्रकारच्या हायड्रोजनचा संकेत. पण तो बिघडला तर का बिघडला, हे यंत्राच्या खोलीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

५ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत साधारण ०.६ मिलिलिटर ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेलं) क्लोरोफॉर्म आणि पाच-दहा मिलिग्रॅम पदार्थ, एवढाच पसारा. त्यात न विरघळलेले कण राहिले की शिखरं फुगतात, शेजारची दोन एकात मिसळतात. पिपेटच्या गळ्यात कापसाचा बारीक बोळा बसवून तेच द्रावण गाळा, मग शिमिंग करा, म्हणजे नमुन्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र एकसारखं करून घ्या. शिखरं सुटी होताना पडद्यावर दिसतात. आलेखाच्या पट्टीवर ७.२६ पीपीएमला क्लोरोफॉर्मचं शिखर सुईसारखं उभं राहिलं की समजायचं, जमलं. हे पुस्तकातून येत नाही.

आणि हे शास्त्र परक्यांचं नाही. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या इथेनॉलमधून हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवले, ३:२:१ प्रमाणात. रेणूची रचना एनएमआरने वाचता येते, हे तिथे स्पष्ट दिसलं. त्यातले श्रीनिवास धर्मट्टी पुढे मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये आले आणि त्यांनी इथे हे संशोधन रुजवलं. वर्गात एनएमआरसाठी ब्लॉख आणि पर्सेल या शास्त्रज्ञांना मिळालेलं १९५२चं नोबेल सांगतात, धर्मट्टींचं नाव घेत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

घरच्यांना सोयाबीन आणि सरकीचं सांगा. दाणा न फोडता त्यात तेल किती, हे टेबलावरचं छोटं एनएमआर यंत्र मोजतं. घन भागातल्या हायड्रोजनचा संकेत लगेच विझतो, तेलाचा टिकून राहतो. म्हणून क्षणभर थांबून मोजायचं. दाणे आधी नीट वाळवावे लागतात, नाहीतर पाण्याचा संकेतही त्यात मिसळतो. मोजलेला दाणा पुढे पेरताही येतो, त्यामुळे नवं वाण काढणाऱ्यांना याचा मोठा उपयोग.

जाण्याआधी एसडीबीएस या जपानी संग्रहातले आलेख मोफत बघा. इथाइल अॅसिटेटपासून सुरुवात करा आणि शिखरांखालचं क्षेत्रफळ हायड्रोजनच्या संख्येशी स्वतः जुळवून पाहा. स्वतःचा नमुना आणू देतील का, हे आयोजकांना आधीच विचारा. दिला होकार, तर चांगला वाळवून न्या. एटीएम कार्ड आणि किल्ल्या मात्र चुंबकाच्या खोलीबाहेर ठेवा, आणि कुणाला पेसमेकर असेल तर त्याने आत पाऊलही टाकू नये.