सांभाळून मोठं करणाऱ्या आईबद्दल वर्षश्राद्धाला काय बोलावं?

तुमची अडचण अशी, की ज्यांनी तुम्हाला सांभाळलं त्या आईवर चार शब्द बोलायचेत, पण ‘ती घरातच असायची, सांगण्यासारखं काही सापडत नाही’. मलाही एका बाईनं असंच वाढवलं, म्हणून लिहितोय.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली माझे आईवडील गेले. मी पहिलीत होतो. भूकंपात पोरकी झालेली बरीच लेकरं पुढं शिकायला पुण्याला गेली. मला वडिलांच्या औशाच्या मित्राच्या बायकोनं घरी नेलं. तिला स्वतःची दोन लेकरं होती. तीच माझी माय.

तिचं घरही माळवदाचंच. मी आत झोपायला तयार नव्हतो, तर तिनं अंगणात बाज टाकली आणि थंडी पडली तरी माझ्याजवळ बाहेरच झोपली. घरचे चिडायचे. परक्या घरात लेकरू दुसरी भाकरी मागत नाही, हे तिला कसं कळलं कोण जाणे. ती मला वाढायचीच नाही. भाकरीची दुरडी माझ्या मांडीशी सरकवायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं, आमच्याकडच्या रानातल्या पूजेच्या सणाचं. किल्लारीजवळ वडिलांचं थोडं रान होतं, बटईनं दिलेलं. येळवशीला ज्याचा तो आपल्या रानात जातो. माय भज्जी, आंबील, उंडे करून अर्धं नवऱ्याबरोबर त्यांच्या रानात धाडायची, अर्धं घेऊन मला एसटीनं माझ्या रानात न्यायची. कडब्याच्या खोपीत पांडव म्हणून दगड मांडून म्हणायची, “रान तुझ्या बापाचं हाय, पूजा तूच करायची.” माझ्या वाट्याची ज्वारी वेगळ्या पोत्यात, तिचे पैसे टपालात माझ्या नावावर. एकदा भावकीतले लोक जमिनीसाठी तिची सही मागायला आले. तिनं चहा पाजून वाटंला लावलं. खरं तर तिची सही चाललीच नसती, कागदोपत्री ती माझी कुणीच नव्हती. ते मात्र तिनं त्यांना सांगितलं नाही!

तर ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’ हे शब्द फ्लेक्सवाल्यांना राहू द्या. तिनं रोज काय केलं तेवढंच सांगा. आणि बोलण्याआधी तिच्या पोटच्या लेकरांना विचारा, कारण आई त्यांनी वाटून घेतलेली असते. मायची लेक मला म्हणाली, “त्या हिवाळ्यात मला तुझा लई राग यायचा.” तिला विचारून तेही मी बोलून टाकलं. लोक हसले, तीही हसली.

आणि पाच मिनिटांत आटपा. पंगत खोळंबलेली असते.