'च' मोजायला लागल्यापासून

"तो माझं वाईट कधीच करत नाही, मॅडम. तरी जीव गुदमरतो. मी कृतघ्न आहे का?"

समुपदेशन करताना हे वाक्य मी बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मोजदाद सोडली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढले, त्यानंतर ते पुरुषांच्या तोंडूनही ऐकू यायला लागलं. पूर्वी ही मुलं एकेकटी यायची, "मला बरं करा" म्हणायची. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढलीय, हे पटवण्यातच पहिली सत्रं जायची. आता जोडीनं येतात आणि चारचौघांसारखी भांडणं घेऊन येतात. मला तर याचा आनंदच होतो.

निनाद चित्रकार, वय एकतीस. अभय बांधकामाच्या साइट सांभाळणारा, आठ वर्षांनी मोठा. (नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) पुण्यात चार वर्षं एकत्र. भाडेकरार अभयच्या नावावर. निनादनं काय घालायचं, कुठल्या प्रदर्शनाला चित्रं द्यायची, किंमत काय लावायची, सगळं अभय ठरवणार. आणि ठरवलेलं बहुतेक वेळा बरोबर निघणार. पंचाईत तिथंच होती.

मी मनात अभयला हुकूमशहा ठरवून टाकलं होतं. माझी ही चूक निनादनंच दुरुस्त केली. "मला तो तसाच आवडतो, मॅडम. त्यानं पुढाकार घ्यावा, हेही आवडतं. अगदी खाजगीतसुद्धा." खाजगीत कोण पुढे आणि कोण मागे, हा दोघांच्या खुशीचा मामला. 'थांब' म्हटल्यावर समोरचा थांबतो ना, एवढंच मी विचारते. तिथं अभय थांबत होता. दिवसाउजेडी थांबत नव्हता.

ठिणगी पडली ती एका चित्रावरून. निनादचं एक मोठं कॅनव्हास भिंतीला टेकून ठेवलेलं होतं, महिनाभर त्यानं हात लावलेला नव्हता. अभयनं ते चांगल्या किमतीला विकलं आणि पैसे निनादच्या खात्यात टाकले.

"पूर्ण झालं नव्हतं ते," निनाद म्हणाला.

"महिनाभर पडून होतं. घेणाऱ्याला कुठे कळतंय?"

मी अभयला विचारलं, "स्लॅब टाकल्यावर पाणी किती दिवस मारता?"

"निदान सात. सिमेंट बघून दहा."

"तेवढे दिवस वरून तर काहीच काम दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, पडूनच आहे, काढा खालचे सेंटरिंगचे टेकू, तर?"

"हाकलून देईन साइटवरून. स्लॅब आत..."

तो बोलता बोलता थांबला. निनादकडे बघितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मीही ती शांतता भरून काढली नाही. वीस वर्षांत मी एवढं तरी शिकले आहे. मग अभय हळूच म्हणाला, "ते पडून नव्हतं तर."

पुढच्या भेटीत तो एकटा आला आणि खरं बोलला. "ऑक्टोबर २०२३ ला कोर्टानं लग्नाचा हक्क नाकारला. उद्या हा निघून गेला, तर मी याचा कोण?" धाक दाखवणारा माणूस स्वतःच धास्तावलेला होता. सगळं आपल्या हातात ठेवलं की माणूसही हातात राहतो, असा त्याचा हिशेब.

ज्या भीतीला कागदाचं औषध आहे, तिला मी आधी कागद देते. जोडीदारासोबत संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, हे अर्थखात्यानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मृत्युपत्र कुणाच्याही नावे करता येतं. ही कामं त्यांनी महिन्याभरात उरकली.

उरलेल्या भीतीला कागद पुरत नाही. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञाच्या विचारानं चालणारी बाई. माणसाला इच्छेनं त्रास होत नाही, हट्टानं होतो, असं मी मानते आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो. 'त्यानं माझ्याजवळ राहावं' ही इच्छा झाली. 'राहायलाच हवं' म्हटलं की पकड आली. दोघांना सांगितलं, आठवडाभर आपापल्या बोलण्यातले 'च' मोजा. पहिल्या आठवड्यात अभयचे त्रेचाळीस भरले. निनादचे एकोणतीस! 'मी नाही म्हटलं तर तो चिडणारच', 'त्याचंच बरोबर असणार'. गप्प बसणाऱ्याचाही हट्ट असतो, तो फक्त ऐकू येत नाही.

निनादसारख्यांना मी एकच करायला सांगते. छोटा नकार द्या आणि पुढे काय होतं ते बघा. भाजी कुठली, सिनेमा कुठला, एवढा छोटा चालेल. समोरचा कुरकुरला, फुगला, पण संध्याकाळी चहाला बसला, तर कामाला जागा आहे. अबोला आठ-आठ दिवस चालला, पैसे बंद झाले, 'तुझ्या घरी सांगेन' अशी धमकी आली, हात उगारला गेला, तर जोडीनं माझ्याकडे येऊ नका. एकटे या, आणि आधी झोपायला सुरक्षित जागा शोधा. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा स्त्रियांसाठी आहे, पण मारहाणीची तक्रार कुणालाही करता येते. आपली कमाई आपल्या खात्यात असू द्या. संयुक्त खातं त्याशिवायचं.

निनादचा पहिला नकार गंमतीचा होता. प्रदर्शनासाठी अभयनं आणलेला कुर्ता त्यानं घातला नाही. अभय दोन तास धुमसला, मग फ्रेम उचलायला आला.

शेवटच्या भेटीत अभयनं खिशातून चिठ्ठी काढली. "या आठवड्यात अकरा. त्यातले चार गाडी चालवताना, सिग्नल तोडणाऱ्यांना उद्देशून. ते धरायचे का?"

"धरायचेच!" निनाद म्हणाला.

अभयनं खिशातलं पेन काढून त्याच चिठ्ठीवर, निनादच्या नावापुढे, एक रेघ ओढली.